प्रीतीला विवेकाची जोड : नागपूरने पाहिलेला ख्रिस्ती विचार

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला, की आपल्याकडे सर्वप्रथम आठवते ती सेवा. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, रंजल्यागांजल्यांची शुश्रूषा आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा उपदेश, एवढ्यावर बहुतेकांची ओळख थांबते. या ओळखीत खोटे काही नाही. पण ती अर्धी आहे. ज्या परंपरेने प्रेमाला सर्वोच्च स्थान दिले, त्याच परंपरेने श्रद्धेच्या क्षेत्रात पारख करण्याचे, खरेखोटे निवडण्याचे कर्तव्यही भाविकावर सोपविले आहे. प्रेम आंधळे असते असे आपण सहज बोलून जातो आणि आंधळ्या श्रद्धेवर टीकाही करतो. ख्रिस्ती विचाराचा दावा असा, की प्रेम आणि श्रद्धा या दोहोंना डोळे असलेच पाहिजेत आणि ते डोळे म्हणजे विवेक.

हा दावा ग्रंथात वाचणे सोपे, आचरणात आणणे कठीण. कारण खरी अडचण येते ती माणसामाणसांत विश्वासाचे अंतर पडते तेव्हा. नवऱ्याने एक धर्म स्वीकारला आणि बायकोला तो मान्य नसला, तर प्रेमाने काय करावे? रुग्णाची सेवा करताना त्याने आपला धर्म स्वीकारावा अशी इच्छा मनात असेल, तर त्या सेवेला प्रेम म्हणावे काय? एकाच येशूला मानणाऱ्या दोन मंडळ्यांचे मूलभूत विधींबाबत एकमत होत नसेल, तर त्यांनी एकत्र यावे की आपापल्या सत्याला धरून वेगळे राहावे? हे तिन्ही प्रश्न नागपूरच्या इतिहासाशी जोडलेले आहेत. एक १८९३ साली येथून सुटलेल्या आगगाडीत जन्माला आला, दुसरा १९५६ साली येथे सादर झालेल्या सरकारी अहवालात नोंदला गेला, तर तिसऱ्याचे उत्तर १९७० साली सदर भागातील एका कॅथेड्रलमध्ये शोधले गेले.

‘प्रीती’ या शब्दाचा अर्थ

मराठी बायबलमध्ये प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ आहे. ललित वाङ्मयातील प्रीतीहून त्याची छटा वेगळी आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत यासाठी ‘अगापे’ हा शब्द येतो. आवडीनिवडीवर अवलंबून नसलेली, परतफेडीची अपेक्षा न ठेवणारी आणि दुसऱ्याचे हित साधण्याचा निश्चय करणारी वृत्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. यात भावनेपेक्षा निर्धार अधिक आहे. एखादी व्यक्ती आवडत नसतानाही तिच्याशी प्रीतीने वागता येते, असे ही परंपरा मानते. किंबहुना गिरिप्रवचनात येशूने शत्रूवरही प्रीती करण्यास सांगितले, ते याच अर्थाने.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथा अनेकांना ठाऊक असते. शेजारी कोण, असा प्रश्न एका धर्मशास्त्र्याने विचारला. त्याला त्याची व्याख्या हवी होती. कोणावर प्रेम करणे बंधनकारक आहे आणि कोणावर नाही, याची सीमारेषा हवी होती. येशूने व्याख्या दिली नाही. लुटारूंनी मारझोड करून रस्त्यात टाकलेला एक वाटसरू, त्याला पाहून पुढे निघून गेलेले दोन धर्माधिकारी आणि थांबून त्याची मलमपट्टी करणारा परक्या, तुच्छ मानल्या जाणाऱ्या जमातीचा एक माणूस, एवढी गोष्ट सांगितली आणि यांपैकी शेजारी कोण ठरला, असा प्रश्न उलट विचारला.

या कथेत विवेकाचा धागा आहे, तो मात्र बहुधा निसटतो. त्या शोमरोन्याने जखमा धुतल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तेथील मालकाला खर्चाचे पैसे दिले आणि परत येताना उरलेला हिशेब चुकता करण्याचा शब्द दिला. कळवळ्याच्या भरात त्याने सर्वस्व उधळले नाही किंवा आपला प्रवासही कायमचा थांबविला नाही. त्या माणसाला काय हवे, आपल्याकडून काय होण्यासारखे आहे आणि पुढची काळजी कोणावर सोपवावी, याचा त्याने विचार केला. शिवाय जखमीचा धर्म कोणता, असे त्याने विचारल्याचा कथेत उल्लेख नाही.

पारख कशाची आणि कशाने?

विवेक हा शब्द मराठी मनाला नवा नाही. समर्थ रामदासांच्या लेखनात तो पुन्हा पुन्हा येतो. ख्रिस्ती परंपरेतही त्याची मुळे आरंभापासून आहेत. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, ती त्यांचे प्रेम ज्ञानाने आणि सूक्ष्म जाणिवेने वाढत जावे, म्हणजे उत्तम काय ते त्यांना निवडता येईल, अशी. करिंथ येथील मंडळीला मात्र तोच पौल दुसऱ्या बाजूने सावध करतो : ज्ञान कितीही मोठे असले, तरी प्रेमावाचून ते निरर्थक होय. एका ठिकाणी प्रेमाला ज्ञानाची आणि दुसऱ्या ठिकाणी ज्ञानाला प्रेमाची अट घातलेली आहे.

योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असा इशारा त्याच्या आरंभी येतो आणि डोळ्यांसमोरच्या भावाचा द्वेष करणाऱ्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येणार नाही, असा निष्कर्ष शेवटी येतो. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात याव्यात, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. खोटे संदेष्टे त्या काळीही होते. त्यांच्या वाणीत सामर्थ्य असे, भोवती गर्दीही असे. त्यांची परीक्षा कोणत्या कसोटीवर घ्यावी, हा त्या लहान लहान मंडळ्यांपुढे रोजचाच प्रश्न होता.

पुढील शतकांत या परीक्षेच्या काही कसोट्या स्थिर झाल्या. ऐकलेली गोष्ट शास्त्राच्या एकंदर शिकवणीशी जुळते का, हे पाहावे. एकट्याच्या अंतःप्रेरणेवर विसंबून न राहता जाणत्या बांधवांचा विचार घ्यावा. घाई करू नये. आणि शेवटी फळांवरून झाड ओळखावे. ज्या श्रद्धेमुळे माणूस अधिक नम्र, अधिक सत्यनिष्ठ आणि अधिक दयाळू होतो, ती विश्वासपात्र. जिच्यामुळे तो गर्विष्ठ आणि निष्ठुर होतो, ती कितीही भक्तिमय दिसली तरी संशयास्पद. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात या पारखण्याचे नियमच घालून दिले. त्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतील एक नियम कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडावा असा आहे.

नागपूर ते राजनांदगाव

नागपुरात प्रॉटेस्टंट मिशनचे काम रुजविले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ साली ते येथे आले. त्यांनी शाळा काढली, विदर्भातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंड आणि इतर आदिवासी समाजांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे टिपण १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. १८८३ साली सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. आपला धर्म सांगण्यासाठी आलेल्या या माणसाने आधी समोरच्या माणसांची भाषा, त्यांची भूमी आणि त्यांचे जीवन समजून घेण्याचे कष्ट घेतले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु विवेकपूर्वक श्रद्धा म्हणजे काय, याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे होय. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काही काळ ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. संस्कृत ग्रंथांचे काम आणि ‘ऋषी’ या मासिकाचे संपादन ते करीत. याच काळात जातिभेदाविषयी त्यांच्या मनात तीव्र असमाधान दाटून आले होते. माणसामाणसांतील प्रेम हे ज्याचे सार असेल, असा नवा धर्मच स्थापन करावा, असा विचारही त्यांच्या मनात घोळत होता.

१८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना नागपूरच्या गाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा निघाल्या, पुढे धर्मावर. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना त्या वेळी ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. वाचता वाचता गिरिप्रवचनापाशी ते थबकले. जे आपण शोधत होतो ते येथे आहे, असे त्यांना वाटू लागले.

यानंतर टिळकांनी काय केले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ते भारावून लगेच मिशनच्या दारात गेले नाहीत. वाचन चालू ठेवले, शंका विचारल्या, पत्रव्यवहार केला, स्वतःशी वाद घातला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. या निर्णयाने त्यांना कोणताही ऐहिक लाभ झाला नाही. जात, नातेवाईक आणि काही वर्षांपुरते स्वतःचे घर त्यांनी गमावले.

पारखण्याची सवय बाप्तिस्म्याने संपली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. ख्रिस्त स्वीकारला म्हणून पाश्चात्त्य चालीरीतीही स्वीकारल्या पाहिजेत, हे टिळकांना मान्य नव्हते. त्यांनी मराठी मंडळीला शेकडो भजने दिली, कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अखेर १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हे स्वप्न अपुरेच होते. तथापि ज्या संस्थेने आपल्याला जवळ केले, तिचीही परीक्षा करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

लक्ष्मीबाईंचा स्वतंत्र निर्णय

या कथेची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांची आहे आणि ती अधिक कठीण आहे. पतीने धर्म बदलल्याची वार्ता त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. टिळकांच्या विश्वप्रेमाची पहिली किंमत त्यांच्या पत्नीने मोजली, हे सत्य झाकता येत नाही. लक्ष्मीबाईंनीही ते झाकले नाही. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीचा उदारपणा त्यांनी जितक्या जिव्हाळ्याने रंगविला आहे, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा तापटपणा आणि विक्षिप्तपणाही सांगितला आहे.

काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. परंतु लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे होते. मतभेद असूनही नांदण्याचा हा एक विलक्षण प्रयोग होता. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात परिवर्तन घडले, तेही स्वतःच्या विचाराने. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि तो माणसाने केलेला आहे, असे पटल्यावर त्यांनी त्या दिशेने पावले टाकली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या एका स्त्रीने पाच वर्षे घेऊन केलेली ही पारख, तिच्या विद्वान पतीने दोन वर्षे ग्रंथ वाचून केलेल्या पारखीपेक्षा तसूभरही उणी नाही. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

टिळक दांपत्याच्या अहमदनगरच्या घरी बालकवी ठोंबरे काही काळ मुलासारखे राहिले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही आणि त्यासाठी त्या घरातील त्यांचे स्थान कमी झाले नाही. प्रेमाची परीक्षा करायची, तर ती अशा ठिकाणी करावी.

सेवा आणि हेतू

या परीक्षेचा सार्वजनिक प्रसंग नागपुरात पुन्हा आला, तो स्वातंत्र्यानंतर. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गांधीविचाराचे ख्रिस्ती अभ्यासक एस. के. जॉर्ज हेही तिचे सदस्य होते. १९५६ साली अहवाल सादर झाला. वैद्यकीय वा अन्य सेवांचा उपयोग धर्मांतराचे थेट साधन म्हणून होऊ नये, अशी शिफारस त्यात होती. ख्रिस्ती संस्थांनी समितीची कार्यपद्धती आणि निष्कर्ष या दोहोंवर तीव्र आक्षेप घेतले. पुढे १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क नव्हे, असे त्या निकालात म्हटले आहे. या विषयावरचा राजकीय वाद आजही मिटलेला नाही.

तो वाद बाजूला ठेवला, तरी मूळ प्रश्न ख्रिस्ती विचाराच्या आतलाच आहे. एक अनुयायी मिळविण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्ममार्तंडांवर खुद्द येशूने कडक टीका केल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात नोंदलेले आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला, ही कथा लूकने सांगितली आहे. उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे काढून घेतल्याचा तीत उल्लेख नाही. सेवेत अट आली, की ती देवघेव होते. उलट आपल्याला जे मोलाचे वाटते ते दुसऱ्याला सांगूच नये, असा नियम केला, तर मनमोकळ्या संवादाचेच दार बंद होते. आगगाडीतील त्या सहप्रवाशाने टिळकांना आपले मत सांगितले, पुस्तक दिले आणि तो निघून गेला. निर्णय सर्वस्वी टिळकांचा राहिला. सांगणे आणि लादणे यांतील फरक ओळखण्यासाठी हा प्रसंग पुरेसा बोलका आहे.

यासंदर्भात नागपूरच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अहवाल देणारे न्यायमूर्ती नियोगी यांनी त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी, याच शहरात बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ज्यांच्या नेतृत्वाखाली तो सोहळा झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ साली केली होती. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासात आणि तुलनेत घालविली. विचारपूर्वक केलेल्या धर्मनिवडीचा अर्थ नागपूरला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सदरमधील तो दिवस

तिसरा प्रसंग ख्रिस्ती मंडळ्यांच्या आपसांतील आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच उत्तर भारतीय मंडळी, स्थापन झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया हे ते सहा घटक. टिळक ज्या मराठी मंडळीत वावरले, तीही युनायटेड चर्चच्या मार्गाने या ऐक्यात आली. ऐक्याच्या चर्चेला १९२९ साली लखनौ येथे आरंभ झाला होता. म्हणजे निर्णयाला चार दशकांहून अधिक काळ लागला.

एवढा काळ का लागावा? कारण मतभेद किरकोळ नव्हते. बॅप्टिस्ट परंपरेत जाणत्या वयात स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच बाप्तिस्मा दिला जातो; अँग्लिकन परंपरेत तो तान्ह्या मुलालाही दिला जातो. एकाच्या मते दुसऱ्याची पद्धत शास्त्राला धरून नाही. काही परंपरांत बिशपचे पद अपरिहार्य, तर काहींत ते अस्तित्वातच नाही. प्रेमाच्या नावाखाली हे सारे दडपून टाकता आले असते किंवा सत्याच्या नावाखाली ऐक्याचा नाद सोडून देता आला असता. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य करण्यात आल्या आणि ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्मा देण्यास मान्यता देत नसेल, त्याच्यावर सक्ती न करता ते काम दुसऱ्या पाळकाकडून करून घेण्याची वाट ठेवण्यात आली. विश्वासाच्या मुळाशी काय आहे आणि पद्धतीचा भाग कोणता, हे निवडणे हीच येथे पारख होती.

हे ऐक्य परिपूर्ण होते असे मात्र नाही. वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी असलेली मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी संस्था १९७० सालीच, ऐन वेळी बाहेर राहिली. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणावरून आणि मालमत्तेवरून उद्भवलेला तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०१३ साली लागला. प्रेमाची घोषणा एका दिवसात करता येते. ते प्रेम दप्तरांत, जमिनींत आणि अधिकारांच्या वाटपात उतरविणे किती जिकिरीचे असते, याची ही साक्ष होय.

आजच्या वाचकासाठी

या तीन प्रसंगांतून हाती काय लागते? पहिली गोष्ट अशी, की खरी पारख वेळ मागते. टिळकांना दोन वर्षे लागली, लक्ष्मीबाईंना पाच, ऐक्य साधणाऱ्या मंडळ्यांना एक्केचाळीस. तत्काळ निर्णयासाठी घाई करणारा उपदेशक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सावधगिरीनेच ऐकावा. दुसरी गोष्ट, पारख करताना नाते तोडलेच पाहिजे असे नाही. लक्ष्मीबाईंचे वेगळे पाणी आणि त्यांचा संसार एकाच छपराखाली नांदले. तिसरी गोष्ट, पारखण्याचा रोख प्रथम स्वतःकडे हवा. आपण करीत असलेली मदत समोरच्याला मोकळे करते की बांधून ठेवते, हे तपासणारा माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेवर निवाडा देण्याची घाई सहसा करीत नाही.

आज चमत्काराने आजार बरे करण्याची आश्वासने मोठमोठ्या सभांतून दिली जातात, भक्तीच्या नावाने पैसा गोळा होतो आणि धर्माच्या नावाने शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय वाढत आहे. हे कोणा एका समाजापुरते मर्यादित नाही. अशा वेळी विवेकाशिवाय प्रेम भोळेपणात फसते आणि प्रेमाशिवाय विवेक नुसता छिद्रान्वेषी होतो. ख्रिस्ती परंपरेने या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. तो कधी साधला, कधी फसला. साधला तेथे त्याची ओळख एकाच खुणेवरून पटते. मतभेद तसेच राहूनही समोरच्या माणसाच्या ताटातला घास आणि त्याच्या निर्णयाचा मान, दोन्ही तेथे शाबूत राहिलेले दिसतात.